गळतीबाई

दर गुरुवारी दुपारी तीन वाजता कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत सेमिनार भरायचा, आणि दर गुरुवारी चार वाजायला दहा मिनिटं असताना एकच गोष्ट घडायची. बोलणारा शेवटची स्लाइड दाखवून घसा खाकरायचा, विभागप्रमुख खुर्चीतून अर्धवट उठून म्हणायचे, "काही प्रश्न?" आणि खोलीतल्या चाळीस-पन्नास माना एकदम खिडकीकडच्या तिसऱ्या रांगेकडे वळायच्या. तिथे गळतीबाई बसलेल्या असायच्या. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, मांडीवर तळहाताएवढी वही. फिजिओथेरपीच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या, म्हणजे मुलं नाक दाबून, डोळे मिटून गिळतात तो विषय.

हे नाव त्यांना पडलं तेव्हा त्या नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. बाहेरून एक नावाजलेले डॉक्टर आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पद्धतीने व्यायाम केलेले रोगी सहा महिन्यांत कसे टणाटण चालू लागतात, हे त्यांनी तासभर दाखवलं. फोटो, तक्ते, जिना चढणारे एक हसरे आजोबा. टाळ्या झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"सर, पहिल्या तक्त्यात चाळीस जण होते. शेवटच्या तक्त्यात एकतीस आहेत. बाकीचे नऊ कुठे गेले?"

"ते नंतर तपासणीला आले नाहीत."

"का आले नाहीत?"

"आता ते मला काय माहीत?" डॉक्टर हसले. त्यांच्याबरोबर खोलीही हसली.

"नाही, म्हणजे... चालता येईना म्हणून तर आले नाहीत, असं नाही ना?"

हसू जागच्या जागी विरलं. डॉक्टरांनी मागे वळून स्वतःचाच तक्ता पहिल्यांदा बघितल्यासारखा बघितला आणि म्हणाले, "बघावं लागेल." माणूस खरोखर मोठा होता. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. नवांपैकी पाच जण घराबाहेरसुद्धा पडू शकत नव्हते. पत्राच्या शेवटी त्यांनी बाईंचे आभार मानले होते.

शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलांच्या आकड्याला गळती म्हणतात, तशी अभ्यासातून मध्येच गायब होणाऱ्या माणसांची गळती बाई शोधून काढतात, म्हणून त्या गळतीबाई. एकदा नळ दुरुस्त करणारा माणूस आला आणि "गळती कुठे आहे?" म्हणून विचारू लागला, तर शिपायाने त्याला पान्ह्यासकट थेट बाईंच्या खोलीत नेऊन उभं केलं. हा किस्सा सगळ्यात जास्त बाईच सांगायच्या, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

प्रश्न विचारणारे तिथे दुसरेही होते. पहिल्या रांगेतले मोठे सर उठले की लोक घड्याळं बघायचे. "माझा प्रश्न नाही, एक छोटीशी टिपणी आहे," अशी त्यांची सुरुवात असायची आणि ती छोटीशी टिपणी त्यांच्या तरुणपणापासून निघून त्यांना मिळालेल्या पदकापर्यंत जाऊन थांबायची. काही जण बोलणाऱ्याला तोंडघशी पाडायला विचारायचे. गळतीबाईंचं तसं नव्हतं. त्यांचा प्रश्न एका श्वासात मावायचा. विचारून झाल्यावर त्या उभ्याच राहायच्या, उत्तर पुरं ऐकायच्या, "बरं, धन्यवाद" म्हणून बसायच्या. आणि सेमिनार संपला की घामाघूम झालेल्या त्या माणसाला गाठून, त्याच्या हातात चहाचा कप देऊन म्हणायच्या, "या माझ्या खोलीत, बघू काय करता येईल ते." कित्येकांचे प्रबंध त्या खोलीत नीट झाले. बाईंच्या स्वतःच्या नावावर मात्र धड चार लेखही नव्हते. बढतीची वेळ आली की त्यांची फाइल पातळ भरायची. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

घरी त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. बाईंनी लग्न केलं नव्हतं, ताईंचे यजमान लवकर गेले होते. ताई शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे, जमिनीवर चिंध्या. या घरात दर रविवारी जेवायला एक मुलगी यायची.

ती पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. संख्याशास्त्रात नापास झाली होती आणि पेपर परत मागायला बाईंच्या दारात उभी होती.

"मला आकड्यांची भीती वाटते," ती म्हणाली.

"आकड्यांची कसली भीती? प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी माणूस उभा असतो. त्याला विचारायचं, बाबा रे, तू कोण?"

मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. पुढे ती सेमिनारला बाईंच्या शेजारी बसू लागली, ग्रंथालयात त्यांच्या मागे, जिन्यात त्यांच्या मागे. वर्षभरात तिला नाव पडलं, गळतीबाईंची शेपटी. तिने ते आनंदाने घेतलं. फोन उचलला की स्वतःच म्हणायची, "बाई, शेपटी बोलतेय." वडील लहानपणीच गेलेले, आई दूरच्या गावात एका लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळलेली ही पोर रविवारी ताईंच्या हातचं गरम जेवण पोटभर जेवायची आणि दुपारी मशीनखालच्या चिंध्या गोळा करता करता तिथेच झोपून जायची.

बाईंनी तिला विचारायला शिकवलं. सेमिनारला जाण्याआधी म्हणायच्या, "प्रश्न घरून करून आणायचा नाही. समोरचा बोलतोय ते ऐकायचं. ऐकताना जिथे आपलं पाऊल अडखळतं ना, तिथेच प्रश्न असतो." शेपटी सुरुवातीला लांबलचक विचारायची. बाई हळूच तिच्या कोपराला बोट लावायच्या. मग ती पटकन वाक्य तोडायची. हळूहळू बोट लावायची गरज उरली नाही.

शेपटीने पदव्या घेतल्या, मग डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो म्हाताऱ्या माणसांच्या तोल जाण्याचा. घरच्या घरी करता येतील असे सात व्यायाम तिने बसवले. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, एका सरळ रेषेत चालणं, आणि शेवटचा, डोळे मिटून एका पायावर दहा आकडे होईपर्यंत उभं राहणं. बहात्तर म्हाताऱ्या माणसांना तिने ते शिकवले. चार वर्षं घरोघर हिंडली. काम संपत आलं तेव्हा विभागात एक जागा निघाली. उमेदवाराने सेमिनार द्यायचा, निवड समिती पुढे बसणार, असं ठरलं.

"या वेळी तुम्हाला आधी काही दाखवणार नाही," शेपटी म्हणाली. "लोक म्हणतील, सगळं बाईंनीच करून दिलं. तुम्ही हॉलमध्येच बघा."

"शहाणी झालीस," बाई म्हणाल्या आणि त्यांना ते खरंच आवडलं.

त्या गुरुवारी खोली गच्च भरली होती. पहिल्या रांगेत समितीचे तिघे. अगदी शेवटच्या रांगेत शेपटीची आई. अर्ध्या दिवसाची रजा काढून, ठेवणीतले कपडे घालून आली होती. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. व्यासपीठावर काय बोललं जातंय यातलं तिला अवाक्षर कळत नव्हतं, म्हणून ती ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत होती.

शेपटी सुंदर बोलली. आवाज स्वच्छ, घाई नाही, मोठे सर मध्ये बोलू लागले तर त्यांना हसून थांबवलं. बाईंचा ऊर भरून आला. मग निकालाचा तक्ता आला. व्यायाम करणाऱ्यांचा तोल किती सुधारला, त्याची रेघ छान वर चढत होती. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या व्यक्ती: अठ्ठावन्न'.

बाईंचा हात सवयीने वहीवर गेला. बहात्तर वजा अठ्ठावन्न. त्यांनी चौदा लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. त्या गोलाकडे त्या बघत राहिल्या. पुढची स्लाइड आली, त्याच्या पुढची आली, चौदांचा उल्लेख आला नाही.

"काही प्रश्न?" विभागप्रमुख उठले.

सगळ्या माना वळल्या. त्या माना वळल्या म्हणून आईनेही मान वळवली, आणि परक्या घरात एखादं ओळखीचं माणूस दिसावं तशी ती बाईंकडे बघून हसली. व्यासपीठावरून शेपटीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. वाट बघणं होतं.

बाईंच्या मनात त्या काही क्षणांत काय काय येऊन गेलं, ते त्यांनी पुढे ताईंना पुष्कळदा सांगितलं. समितीसमोर ही गडबडली तर जागा गेली. कदाचित तिच्याकडे उत्तर असेलही. कदाचित नसेल. उद्या एकटीला विचारू, सावकाश, चहा घेऊन. आज नको. त्यांनी वही मिटली आणि मान हलवली. नाही.

"काय सांगता!" विभागप्रमुख दोन्ही हात वर करून म्हणाले. "गळतीबाईंना प्रश्न नाही! मग आमची काय बिशाद?"

खोली खदखदून हसली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे काय?" तर मोठ्या सरांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की या बाई गप्प बसल्या म्हणजे कामात खोट नाही असं समजा. गृहस्थांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. आई सगळ्यात शेवटपर्यंत वाजवत होती.

घरी गेल्यावर ताईंनी मशीन थांबवलं. "कशी झाली पोर?"

"छान झाली."

"मग तुझं तोंड असं का?"

बाईंनी सांगितलं. ताई दातांनी दोरा तोडत म्हणाल्या, "मग विचारायचं ना गं."

"उद्या एकटीला विचारीन."

"एकटीला विचारलेलं आणि चारचौघांत विचारलेलं सारखं असतं होय?"

उद्याचा परवा झाला. जागा शेपटीला मिळाली, आईचा फोन आला, लॉन्ड्रीतल्या माणसांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तिने सांगितलं होतं. दहा-बारा दिवसांनी बाईंनी विषय काढला, तोही आडवळणाने. "अगं, ते चौदा जण गळले, त्यांचं काय झालं?"

"सोडलं हो त्यांनी. कोणी मुलाकडे गेलं, कोणी कंटाळलं. काहींनी फोनच उचलला नाही."

"सगळ्यांना केले होतेस?"

"करते ना," शेपटी म्हणाली आणि दुसरं काहीतरी सांगू लागली. नवी खोली मिळाली होती, टेबलाला दोन खण होते. बाईंनी तिचा फुललेला चेहरा बघितला आणि चहाचा घोट घेतला. हॉलमध्ये पन्नास जणांदेखत विचारलं असतं तर उत्तर द्यावंच लागलं असतं. चहाच्या टेबलावर विचारलेला प्रश्न चहाबरोबर संपला.

वर्षभरात त्या सात व्यायामांची चित्रांची पुस्तिका निघाली आणि वृद्धाश्रमांत वाटली गेली. पहिल्या पानावर आभार होते. त्यात बाईंचं खरं नाव, पहिल्या ओळीत.

आणखी सहा महिने गेले. एका गुरुवारी शेपटी पुस्तिकेच्या यशाबद्दल बोलली आणि विभागप्रमुखांनी "काही प्रश्न?" म्हटल्यावर दाराजवळ बसलेली एक अनोळखी बाई उठली. पांढऱ्या बुटांवरून कळत होतं की ती नर्स असावी. हातात छापील लेखाची प्रत होती.

"मी वृद्धाश्रमातली सिस्टर," ती म्हणाली. "मला यातलं फार कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे चार महिन्यांत नऊ जण पडले. सगळे तो डोळे मिटून उभं राहायचा व्यायाम करताना. एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं. मला वाटलं, आमचंच काही चुकतंय. म्हणून तुमचा लेख वाचला. त्यात सुरुवातीला बहात्तर माणसं आहेत आणि शेवटी अठ्ठावन्न. मला एवढंच विचारायचंय की मधली चौदा कुठे गेली?"

शेपटी म्हणाली, "त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला नाही."

"ते कळलं मला. का नाही केला?"

शेपटीने मदत मागावी तसं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बाई उठल्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"हा प्रश्न मला दीड वर्षापूर्वी दिसला होता," त्या म्हणाल्या. "याच खोलीत. मी विचारला नाही. चूक तिची आहे तेवढीच माझी आहे. माझी जास्त."

त्या दिवशी सेमिनार कसा संपला, हे नंतर कोणालाच नीट आठवेना.

जिन्याच्या वळणावर शेपटीने त्यांना गाठलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मग विचारलं का नाहीत?"

"तुझी आई बसली होती गं."

"कोणाची ना कोणाची आई कुठेतरी बसलेलीच असते, बाई. तीस वर्षं तुम्ही सगळ्यांना विचारलंत. त्यांचं वाईट व्हावं म्हणून नाही ना विचारलंत?"

"नाही."

"मग मलाच का नाही?" तिचा आवाज फुटला. "मी वाट बघत होते. मला वाटलं, आता बाई उठतील. तुम्ही उठला नाहीत तेव्हा मला वाटलं, माझं खरंच बरोबर आहे. मी त्यांना परत फोन केले नाहीत ते म्हणून."

बाईंनी तिच्या दंडाला हात लावायला हात पुढे केला. ती दोन पायऱ्या खाली सरकली, आणि मग खालीच गेली.

चौकशी बसली. समितीला वेळ लागणार होता, बाईंना तेवढा धीर नव्हता. त्यांनी प्रमुखांकडून चौदा नावांची, पत्त्यांची यादी रीतसर मागून घेतली आणि रजा टाकून एकेक घर धुंडाळू लागल्या. कुठे चार जिने चढायचे, कुठे पत्ता बदललेला, कुठे दार उघडणारी सून म्हणायची, "तुम्ही विमावाल्या का?" तीन जण खरंच मुलांकडे राहायला गेले होते. दोघे कंटाळले होते. एक गृहस्थ दुसऱ्याच आजाराने वारले होते. दोघांचा पत्ता लागलाच नाही. उरलेले सहा जण व्यायाम करताना पडले होते किंवा त्यांना भोवळ आली होती. सहाही जण रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. हे एवढं साधं होतं. कोणीतरी एकदा जाऊन विचारायचा अवकाश होता.

त्या सहांतलं शेवटचं घर एका निवृत्त सुताराचं होतं. मनगट मोडून वाकडं जुळलं होतं.

"तुम्ही त्या मुलीला कळवलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"गोड पोर होती हो ती," सुतार म्हणाला. "मला आजोबा म्हणायची. मीच नीट उभा राहिलो नसेन, असं वाटलं. तिला कशाला वाईट वाटायला लावा? पुन्हा फोन आला असता तर सांगितलंही असतं."

बाई त्याच्या दारातल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. सुताराने त्यांना पाणी आणून दिलं, डाव्या हाताने.

त्यांनी अहवाल लिहिला, साडेतीन पानं. पुस्तिका परत मागवली गेली, शेवटचा व्यायाम काढून टाकला, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांसाठी ठळक सूचना आली. शेपटीला कोणी काढलं नाही. तिने स्वतःच राजीनामा दिला आणि आईच्या गावाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरी धरली. जाताना ती ताईंना भेटून गेली. नेमकी बाई घरी नसतानाची वेळ तिने निवडली होती. ताईंनी एवढंच सांगितलं, "रडली नाही. चिंध्या आवरून गेली."

गुरुवारचा सेमिनार चालूच राहिला. "काही प्रश्न?" झालं की माना आता वळत नसत, वळल्या तरी लगेच परत फिरत. बाई विचारायच्या नाहीत असं नाही. दोन-तीनदा विचारलं. पण प्रश्न तोंडाबाहेर पडला की त्यांना स्वतःलाच ऐकू यायचं, की हे विचारायला आता उशीर झालाय. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर एकदा बस पकडून त्या शेपटीच्या दवाखान्यात गेल्या. बाकावर चार म्हाताऱ्यांच्या ओळीत बसल्या. नंबर आला तसं आतून आवाज आला, "या." शेपटीने वर बघितलं. केस मागे घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं.

"तुम्हाला काय होतंय?"

"मला काही नाही. तुला बघायला आले."

"बाहेर लोक खोळंबलेत, बाई."

"माहीत आहे. ताई विचारत होती. रविवारी ये एखाद्या."

शेपटी समोरच्या कागदावर पेन उगाच फिरवत राहिली. मग म्हणाली, "बघते." आणि पाण्याचा ग्लास भरून पुढे केला. बाईंनी तो पुरा प्यायला, कारण तो संपला की उठावं लागणार होतं.

त्या रविवारी ताईंनी तिघींचा स्वयंपाक केला. पुढच्याही केला. तिसऱ्या रविवारी दोघींचाच केला. शेपटी आली नाही.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी अजून वृद्धाश्रमातच होत्या. हाड जुळलं नव्हतं, त्यांना आता उठता येत नव्हतं. सिस्टरला विचारून बाई मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. आजींची नजर अधू होती, बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. आजी खमक्या. "हवामानाचं नको, मी कुठे बाहेर जातेय? चोऱ्यामाऱ्यांचं वाच." त्या बाईंना पेपरवाली म्हणायच्या. सात महिने असे गेले. कोण, कुठली, कशाला येते, हे आजींनी कधी विचारलं नाही. न विचारताच सांगायचं, एवढंच बाईंच्या हातात उरलं होतं, आणि ते त्यांच्याच्याने होत नव्हतं.

एका शुक्रवारी त्यांनी पेपर मिटून मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. खोली, तक्ता, अठ्ठावन्न, वहीतला गोल, मान हलवली ते. आजी छताकडे बघत ऐकत होत्या.

"म्हणजे तू तेव्हा तोंड उघडलं असतंस," आजी म्हणाल्या, "तर मी आज माझ्या पायांनी खाली बागेत गेले असते."

"हो."

आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई थोडा वेळ बसल्या आणि निघाल्या. मंगळवारी त्या आल्या तेव्हा आजी भिंतीकडेच तोंड करून होत्या. बाईंनी पेपर वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोणीच ऐकत नसल्यासारखा. शुक्रवारीही तसंच. चार आठवडे तसंच. सिस्टर एकदा दारात येऊन म्हणाली, "कशाला जीवाला त्रास करून घेता? त्या बोलायच्या नाहीत आता." बाई म्हणाल्या, "नाही बोलल्या तरी चालेल."

पाचव्या आठवड्यात बाईंना खोकला झाला होता. एका चोराच्या बातमीच्या मध्येच ढास लागली आणि त्या थांबल्या.

"मग?" भिंतीकडून आवाज आला. "तो सापडला का पुढे?"

बाईंनी चष्मा पुसला. अक्षरं नीट दिसायला थोडा वेळ लागला.

"अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचू लागल्या.